मुठीतला गूळ

माझ्या नवऱ्याने मला पहिला फटका मारला तेव्हा आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओट्याशी भाकरी थापत होते. मागून पाठीत काहीतरी बसलं आणि माझं कपाळ भिंतीवर आपटलं. आधी वाटलं, वरची फळी कोसळली. वळून बघितलं तर आमचे हे, तात्या, उभे. हातात पितळी तांब्या, सदरा घामाने चिंब. नजर माझ्यावरच होती, पण ओळखीची नव्हती.

"कोन हायेस तू? माझ्या घरात काय करती?"

"अहो, मी..."

पुढचं बोलायच्या आत तांब्या कानावर आला. मी ओट्याखाली सरकले आणि डोकं दोन्ही हातांनी झाकलं. तव्यावरची भाकरी जळत राहिली. ते आणखी दोनदा मारायला वाकले, पण ओट्याच्या कडेमुळे हात पोचला नाही. मग बाहेर जाऊन खाटेवर आडवे झाले. मी दाराआडून बघत राहिले. जेवणाची वेळ झाली तशी उठले, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कानाला काय झालं गं? रगत आलंय."

मी म्हणाले, "कपाटाचं दार लागलं."

त्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागले. वर्षभर बोलत होते.

मी अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काम केलं. रजिस्टरं भरली, अहवाल लिहिले. घरातलं असं काही कधी कागदावर उतरवलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या एका सिस्टर म्हणाल्या, "काकू, लिहून काढा. तुमच्यासारख्या खूप बायका येतात इथं, तोंड उघडत नाहीत." म्हणून लिहिते. यात माझ्या चुका आहेत, माझ्या मुलाच्या आहेत. त्या वगळल्या तर लिहिण्यात काही अर्थ नाही.

तात्या कोण होते

त्यांचं नाव भाऊसाहेब. मुलगा बोलायला लागला तसे ते घरात आणि गावात तात्या झाले. आमची वस्ती कोल्हारच्या शिवारात, नदीकडच्या अंगाला. तात्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होते. डॉक्टर तपासणार, आणि जनावर धरणं, पाडणं, जखम धुणं, पट्टी बांधणं ही कामं तात्यांची. दहा-बारा मणांचा बैल ते एका दोरात आडवा करायचे, आणि बैलाला खरचटायचंसुद्धा नाही. सुई तर अशी टोचायचे की गाईला कळायच्या आत बाहेर. शेतकरी त्यांनाच डॉक्टर म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांना साखरेचा आजार पन्नाशीत लागला. पुढे इन्शुलिन सुरू झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरात कुणालातरी टोचायला शिकवतो. तात्या हसले. "साहेब, मी आयुष्यभर सुया टोचल्या. माझं मला येतंय." तेव्हापासून फ्रीजमधली बाटली काढायची, सुई भरायची, पोटात टोचायची हे काम त्यांचंच. आम्ही कधी तिकडे बघितलंही नाही.

निदानाचा दिवस

रिटायर झाल्यावर चार वर्षांनी विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. एकदा स्वतःच्या वस्तीकडे यायचं सोडून नगर-मनमाड रोडने चालत निघाले. उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्यातल्या एका ड्रायव्हरने ओळखून बसवून आणलं.

माझ्या मुलाने, किरणने, त्यांना नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरांनी कागदावर गोल काढला आणि म्हणाले, "यात घड्याळाचे आकडे लिहा." तात्यांनी सगळे आकडे एका बाजूला लिहिले, अगदी शाळकरी मुलासारखे नीट, आणि दुसरी बाजू रिकामी. डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?" तात्या म्हणाले, "बाजाराचा." त्यांना वाटलं आपण बरोबर सांगितलं. माझ्याकडे बघून मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, "स्मृतिभ्रंश आहे. बरा होत नाही. वाढतो. रागही येईल, समजून घ्या."

ते शेवटचं वाक्य मी मनात पक्कं धरून ठेवलं. राग येईल, समजून घ्या. पुढे जे जे झालं त्याला माझ्याकडे हे एकच उत्तर होतं.

त्यानंतर आमच्या घरी तीन पिशव्या झाल्या. मेंदूच्या फायलीची एक, साखरेची एक आणि हृदयाची एक, कारण मधे छातीत दुखून त्यांना अँजिओग्राफीही करावी लागली होती. मेंदूचे डॉक्टर नगरला, साखरेचे श्रीरामपूरला, हृदयाचे तिसरीकडे. मी ज्या दिवशी ज्यांच्याकडे जायचं त्यांची पिशवी घ्यायची. बाकीच्या दोन घरी खुंटीला. कुणी मागितल्या नाहीत, मीही दाखवल्या नाहीत.

सकाळ

पहिल्या फटक्यानंतर आठ-दहा दिवस शांत गेले. मग वरचेवर व्हायला लागलं. जवळपास नेहमी सकाळीच, नऊ ते अकराच्या मधे. आधी हात थरथरायचे, घाम फुटायचा, जीभ जड व्हायची. मग हाताला येईल ते आमच्या अंगावर. लाटणं, वीट, चप्पल, पाण्याची बादली. एकदा माझे केस धरून उंबऱ्यापासून हौदापर्यंत ओढत नेलं. एकदा गळा धरला, तेव्हा डोळ्यांपुढे काळं आलं आणि सुटले ती केवळ गाय हंबरली म्हणून. गाईचा आवाज आला की ते तिकडे वळायचे.

हे सगळं करणारा माणूस दुपारी गोठ्यात बसून वासराच्या कानामागे खाजवत असायचा.

मेंदूच्या डॉक्टरांना सांगितलं, फार चिडतात. त्यांनी झोपेची गोळी वाढवली. आता ते दिवसभर पेंगायचे, आणि सकाळी तेच. डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली. तिने पाय लटपटायला लागले. हातातलं बळ मात्र तेवढंच राहिलं.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून टेबलावर हात मारला. "वा! एवढी छान शुगर माझ्या तरुण पेशंटांची नसते." मला किती बरं वाटलं! एक तरी गोष्ट मी नीट करते आहे असं वाटलं. घरात गोड वस्तू ठेवायची नाही, चहा बिनसाखरेचा, सणालाही पुरणाची पोळी अर्धीच. मी अजून कडक झाले.

मेडिकलवाल्याने एकदा विचारलं होतं, "काकू, तात्यांची बाटली लवकर संपतीया का?" मी म्हणाले, सांडत असतील, हात थरथरतो. ते तिथंच राहिलं.

मग एका सकाळी तात्यांनी भिरकावलेलं ताट माझ्या नातीला, पिऊला लागलं. चार वर्षांची पोर. भुवई फाटली, तोंडभर रक्त. तिला पटकन उचललं तिच्या आईने, वैशालीने. तीन टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर वैशालीने बॅग भरली.

"आत्या, तुमी सोसता, तुमचा नवरा हाय. माझ्या पोरीनं काय केलंय?"

किरण तिला बेलापूरला माहेरी सोडून आला. आला तो बापाशी बोलेना. कोल्हारमधल्या दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत तार भरायचं त्याचं काम, तिथंच जास्त वेळ बसायला लागला. घरी यायचा तो जेवायला आणि आमच्याकडे बघून दात खायला. एकदा म्हणाला, "आई, हे मानूस आता आपलं न्हाई. कुठंतरी सोडून यावं लागंल." मी त्याच्यावर ओरडले. पण हेच माझ्याही मनात आलं होतं, तेही एकदा नव्हे.

गुळाचा दिवस

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

साडेदहा झाले होते. मी धुणं वाळत घालून आत आले तर तात्या फडताळापुढे. कुलूप दगडाने फोडलेलं. आतला गुळाचा डबा मी त्यांच्यापासून लपवून ठेवायची. तो त्यांनी खाली पाडला होता आणि ते जमिनीवर बसून गुळाचे खडे मुठीने तोंडात कोंबत होते. लाळ गळत होती. अंग थरथरत होतं.

मी धावले. "अहो, काय करता? साखर वाढंल, मराल!"

त्यांनी मूठ छातीशी घट्ट धरली. मी ती उघडायला लागले. एकेक बोट. ते गुरगुरत होते, खरंच गुरगुरत होते, पण मी सोडलं नाही. तोंडातलासुद्धा बोट घालून काढला. ते चावले. तरी काढला. करंगळी सुटली, मग पुढचं बोट, आणि मी तो खडा हिसकून घेतला आणि बाहेर अंगणात फेकला.

मग त्यांनी मला पाडलं. बैल पाडतात तसं. एक हात मानेवर, दुसरा कमरेखाली, पाय मागून अडकवला आणि पिळलं. मी डाव्या मनगटावर पडले. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ओरडायला श्वासच नव्हता, कारण त्यांचा गुडघा माझ्या बरगड्यांवर. दारातला धुण्याचा दोर त्यांनी ओढून घेतला आणि माझे पाय बांधले. घोट्यावर दोन वेढे, मधून एक आवळ. मग हात. मोडलेलं मनगट दुसऱ्या मनगटावर ठेवून आवळलं. मी किंचाळले.

आणि ते बोलायला लागले. अगदी हळू, मायेने. चाळीस वर्षं जनावरांशी बोलायचे त्याच आवाजात.

"हो... हो... उगी राहा. झालंच. व्हईल बरं तुला."

मला माराचं भय वाटलं होतं. या आवाजाचं त्याहून जास्त वाटलं.

किती वेळ गेला माहीत नाही. किरण डबा न्यायला घरी आला. दारात उभा राहिला, आणि त्याने जे बघितलं ते कुणाही मुलाला दिसू नये. आई जमिनीवर बांधलेली, बाप तिच्या छातीवर गुडघा देऊन बसलेला.

त्याने बापाला मागून गळ्याला धरून उचललं आणि फेकलं. तात्या भिंतीवर आदळले, उठले, आणि त्याच्यावर धावून गेले. किरणने तोंडावर बुक्की मारली. नाकातून रक्त आलं. तात्या पुन्हा उठले. मग त्याने दारामागचा मोटारीचा रबरी पट्टा काढला.

मी मोजलं नाही. पट्टा पाठीवर बसायचा, खांद्यावर, दंडावर. किरण प्रत्येक फटक्याला बोलत होता. "पिऊला मारलं. आईला मारलं. माझा संसार मोडला." तात्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसले, दोन्ही हात डोक्यावर. ओरडले नाहीत.

मी 'थांब' म्हणाले नाही. हे मला लिहायलाच हवं. मला बरं वाटत होतं. वर्षभर सोसलेलं कुणीतरी परत देत होतं, आणि मी बांधलेल्या पायांनी तिथं पडून ते बघत होते.

किरणने मला सोडवलं. त्याच दोराने तात्यांना गोठ्यातल्या खांबाला बांधलं. उभंच. मला हाडाच्या डॉक्टरांकडे न्यायला त्याने गाडी काढली. तात्या मागून म्हणाले, "भूक लागली. भूक लागली मला."

मी म्हणाले, "आल्यावर देते."

मशीन

हाडाच्या डॉक्टरांना मी सांगितलं, गोठ्यात पाय घसरला. त्यांनी एक्स-रे बघितला, प्लास्टर घातलं. माझ्या घोट्यांवरचे दोराचे वळ त्यांना दिसले होते. ते किरणकडे बघत राहिले, पण विचारलं काही नाही.

दोन तासांनी आम्ही परत आलो. गाय दावं ताणून ओरडत होती. तात्या दोरात लोंबत होते. मान खाली, ओठांना फेस, अंग बर्फासारखं गार आणि तरीही घामाने भिजलेलं. डावा पाय झटके देत होता. किरणने दोर कापला. तो मोठ्याने रडत होता आणि "तात्या, तात्या" म्हणत होता, लहानपणी म्हणायचा तसं.

शेजाऱ्यांच्या जीपमधून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीण होत्या, असतील तीस वर्षांच्या. त्यांनी सगळ्यात आधी तात्यांचं बोट टोचलं. छोट्या मशीनवर रक्ताचा थेंब लावला. आकडाच आला नाही. साखर इतकी खाली गेली होती, की मशीनला मोजता येत नव्हती.

त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. मोठ्या सिरिंजने, हळूहळू ढकलत. मी प्लास्टरचा हात छातीशी धरून उभी होते. काही मिनिटांत तात्यांचा पाय थांबला. चेहऱ्यावर रंग आला. डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि विचारलं, "म्हैस उठली का?"

"उठली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "साखर खूप खाली गेली की माणसाला काही कळत नाही. घाम येतो, थरथरतो, मारायला धावतो. असं आधी झालंय?"

"रोज सकाळी," मी म्हणाले.

"तेव्हा शुगर तपासली?"

"न्हाई. त्यांची शुगर छान असते म्हणाले होते डॉक्टर."

"अशा वेळी गोड दिलं होतं का काही?"

मी तिथल्या तिथे खाली बसले. सकाळी त्यांच्या मुठीतून, त्यांच्या तोंडातून मी काय काढून घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं. अंगाला जे हवं होतं ते तात्या स्वतः शोधून खात होते. मेंदू विसरला होता, हाताला कळत होतं. आणि मी बोटं एकेक करून उघडली होती.

"इन्शुलिन कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"ते स्वतःच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "स्मृतिभ्रंशाचा पेशंट स्वतः घेतो? घेतल्याचं लक्षात राहतं त्यांच्या?"

दुसऱ्या दिवशी किरणने गोठा शोधला. कडब्यामागे, कुडाच्या फटींत सुया खोचलेल्या सापडल्या. दवाखान्यात वापरलेल्या सुया लोकांच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून ते अशाच खोचून ठेवायचे. टोचून झालं की विसरायचे, आणि सकाळची सुई राहिली म्हणून परत टोचायचे. कधी दोनदा, कधी तीनदा.

बैलाचं

तात्यांचा सदरा कापून काढल्यावर पाठीवरचे वळ दिसले. मनगटांवरचे दोराचेही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी बांधलं," मी म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं.

"एका हाताने?"

किरण पुढे झाला. "मॅडम, मी मारलं. मी बांधलं. आईला काय इचारू नका."

त्या म्हणाल्या, "मला हे लिहावं लागेल. पोलिसांना कळवावं लागेल." आवाज चढवला नाही. मग माझं प्लास्टर बघून विचारलं, "आणि तुमचं?" वर्षभरात पहिल्यांदा मी खरं सांगितलं. तांब्यापासून सगळं. त्यांनी तेही लिहिलं.

संध्याकाळी हवालदार आले. माझा आणि किरणचा जबाब घेतला. मग कॉटपाशी जाऊन तात्यांना विचारलं, "बाबा, कोणी मारलं तुम्हाला?"

तात्यांनी विचार केला. त्यांना वाटलं असावं, कुणी शेतकरी मारक्या बैलाची तक्रार घेऊन आलाय. "साहेब, त्याच्यावर राग धरू नका," ते म्हणाले. "जनावर उगीच न्हाई मारत. त्याला कुठंतरी दुखत असतंय. आपल्याला घावत न्हाई."

हवालदाराने वही मिटली. किरण व्हरांड्यात गेला आणि भिंतीला डोकं लावून उभा राहिला. पुढे डॉक्टरीणबाईंनी आणि हॉस्पिटलातल्या समाजसेविकेने आम्हा दोघांना दोनदा बोलावून, बसवून समजावलं. प्रकरण समज देऊन मिटलं. किरणचं मन मिटलं नाही.

वॉर्डात पाच दिवस राहिलो. ते सोपे नव्हते. तात्या सलाईन उपटायचे, गादी रक्ताने भरायची. एका वॉर्डबॉयच्या दंडाला इतके कडकडून चावले की त्यालाच इंजेक्शन घ्यावं लागलं. मग तिथंही तात्यांचे हात पट्ट्यांनी कॉटला बांधले. मला ते बघवेना. म्हणून मी बाहेर गेले, आणि बाहेर जाऊन आठवलं की मी आदल्या दिवशी काय बघत राहिले होते.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एक मावशी आल्या. तात्या कोण होते ते त्यांनी मला विचारलं. कुणी विचारलं नव्हतं ते आधी. मग त्यांनी धुतलेल्या पट्ट्यांचा ढीग आणून तात्यांच्या मांडीवर टाकला. "डॉक्टरसाहेब, एवढ्या गुंडाळून द्या. गर्दी लई हाय आज." हात सोडले. तात्यांनी दुपारभर पट्ट्या गुंडाळल्या, एकसारख्या, घट्ट. मावशी त्या उलगडून परत आणून द्यायच्या. मी त्या बाईचे उपकार विसरणार नाही.

आता

आता इन्शुलिन मी देते. बाटली कुलपात. सुट्टी मिळताना डॉक्टरीणबाईंच्या मोठ्या सरांनी तिन्ही पिशव्या एका टेबलावर ओतायला लावल्या आणि पहिल्यांदा एका माणसाने सगळे कागद एकत्र वाचले. चार गोळ्या बंद झाल्या. इन्शुलिन निम्म्याहून कमी झालं. सर म्हणाले, "यांची शुगर थोडी वर राहिली तरी चालेल, खाली गेलेली चालणार नाही." हे वाक्य मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर एवढं ऐका. सगळ्या फायली एकाच पिशवीत ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरपुढे सगळ्या ठेवा. औषध स्वतः घेतो म्हणाले तरी आता आपण हातात घ्या. माणूस एकाएकी अंगावर यायला लागला तर 'आजारच तसा आहे' म्हणून गप्प बसू नका, तपासायला लावा. आणि लागलेलं लपवू नका. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, पण मी सांगितलं असतं तर बहुतेक कुणीतरी गोठ्यात लवकर पोचलं असतं.

रोजचा मार थांबला. सकाळी नाश्ता होतो, खाटेवर बसून गाईकडे बघत राहतात. दिवाळीनंतर वैशाली परत आली. मला म्हणाली, "आत्या, भीती जात न्हाई." मी म्हणाले, "माझीपन न्हाई गेली." पिऊ आजोबांपासून चार हात लांब खेळते. आम्ही तिला जवळ ढकलत नाही.

एक गोष्ट मात्र उलटी झाली. तात्या माझं नाव विसरले, किरण त्यांचा मुलगा आहे हे विसरले, मार खाल्ला तेही विसरले. पण किरण खोलीत आला की त्यांचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जातात आणि ते भिंतीकडे सरकतात. महिने झाले तरी तसंच. किरणने केस विंचरायला फणी उचलली, तरी तेच. त्यावर डॉक्टरांकडे औषध नाही. तेव्हापासून किरण उंबऱ्यावरच खाली बसतो आणि बसूनच आत येतो, हात मांडीवर उघडे ठेवून.

परवा पुन्हा झालं. मी त्यांची नखं काढत होते. तात्यांनी एकदम माझ्या तोंडावर मारलं, दोनदा. ओठ फाटला. मी शिकल्याप्रमाणे मागे सरकले, दाराबाहेर आले आणि वैशालीला साखर मोजायचं मशीन आणायला सांगितलं. किरण घरीच होता. तो मशीन घेऊन बसल्या बसल्या आत गेला.

तात्यांनी त्याच्या डोक्यात मारलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. किरणने मान खाली घातली आणि हात मांडीवर तसेच ठेवले. मी दारातून म्हणाले, "बाहेर ये." तो आला नाही. फटके हळू होत गेले. मग हात थकला. किरणने ते थकलेलं बोट हळूच धरलं, टोचलं, थेंब मशीनला लावला.

"शुगर बराबर हाय, आई," तो म्हणाला.

म्हणजे त्या दिवशी कारण नव्हतं. निदान आम्हाला सापडेल असं नव्हतं. मी पदराने ओठ दाबून उभी राहिले.

तात्या धापा टाकत होते. किरणकडे बघून म्हणाले, "पानी दे रं."

"देतो, तात्या."

तो उठायला गेला. तात्यांचे हात डोक्यावर गेले. किरण होता तिथेच थांबला, परत खाली बसला, आणि बसल्या बसल्याच सरकत माठापर्यंत गेला.